कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागलेली बेवारस जहाजं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात एखादं जहाज किनाऱ्याला लागतं. पहिले आठ दिवस बघ्यांची गर्दी असते, मग बातमी जुनी होते आणि जहाज तिथेच राहतं. जुहूपासून कांदोळीपर्यंत किनाऱ्यावरची माणसं आणि तिथे फिरायला जाणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नांत सांगण्यासारखं जास्त आहे, तिथे उत्तर लांबलं आहे.

एवढी जहाजं आपल्याच किनाऱ्याला कशी येऊन लागतात?

याचं पहिलं कारण वारा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात नैर्ऋत्येकडून सलग जोराचा वारा असतो आणि पाण्याचा ओघही पूर्वेकडे असतो. ओमानच्या समुद्रात एखादं जहाज या दिवसांत सोडून दिलं आणि ते बुडालं नाही, तर सुकाणूवर माणूस नसतानाही ते महिना-दोन महिन्यांत आपल्या दारात येतं.

यात अतिशयोक्ती नाही, तसं घडलेलं आहे. 'पवित' नावाचं सुमारे 1,000 टनी तेलवाहू जहाज 2011 च्या जूनअखेर ओमानजवळ बंद पडलं. त्यात पाणी शिरू लागलं आणि ब्रिटिश नौदलाच्या 'सेंट अल्बान्स' या युद्धनौकेने त्यावरच्या 13 खलाशांना वाचवलं. जहाज बुडालं असेल असं धरून सगळे मोकळे झाले. 31 जुलैला ते जुहू-वर्सोव्याच्या वाळूत उभं दिसलं. मधला महिनाभर ते एकटं अरबी समुद्र पार करत होतं आणि तटरक्षक दल, नौदल, सागरी पोलीस यांपैकी कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही. 26/11 ला तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे त्यावर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

दुसरं उदाहरण 'लेडी हान' या छोट्या नौकेचं. 2022 च्या जूनमध्ये मस्कतजवळ तिचं इंजिन बंद पडलं, माणसं वाचली आणि नौका तशीच सोडून दिली गेली. 18 ऑगस्टला ती हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर सापडली, तीही तीन एके-47 रायफलींसकट. ऐन दहीहंडी-गणपतीच्या तोंडावर रायगड जिल्ह्यात नाकाबंदी लागली. चौकशीत घातपाताचा संबंध निघाला नाही. पण वारा, लाटा आणि सोडून दिलेली नौका हा मेळ तोच होता.

दुसरं कारण भंगाराच्या वाटेवरची जहाजं. 'विस्डम' हे जुनं कंटेनर जहाज कोलंबोहून गुजरातेत अलंगला तोडायला चाललं होतं. त्यावर माणूस नव्हता, टगने, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीने, ओढत आणलं जात होतं. 11 जून 2011 ला मुंबईजवळ दोर तुटला आणि ते भरकटत वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या दिशेने गेलं. सेतू वाचला आणि जहाज जुहूला रुतलं. आयुष्याच्या शेवटच्या फेरीतल्या जहाजावर कोणी खर्च करत नाही. इंजिन बंद, दोर जुना, टग जेमतेम ताकदीचा, आणि एवढ्या तयारीवर जूनच्या समुद्रात उतरायचं. माझ्या मते पावसाळ्यात अशा निर्जीव जहाजांची ओढाओढ आपल्या किनाऱ्याजवळून होऊच देता कामा नये.

तिसरं कारण वादळ. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळात 'बसरा स्टार' रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं. त्यावरचे 13 खलाशी सुखरूप उतरले. जहाज मात्र पुढे एकामागून एक पावसाळे तिथेच लाटा खात राहिलं.

रुतलेलं जहाज ओढून का नेत नाहीत? टग लावला की झालं ना?

पहिल्या काही दिवसांत बऱ्याचदा खरंच तेवढ्यात काम होतं. नंतर ते शक्य राहत नाही.

जहाज लागतं ते बहुतेक वेळा भरतीच्या पाण्यावर आणि लाटेच्या जोरावर, म्हणजे ते जितकं आत येऊ शकतं तितकं येऊन बसतं. ओहोटी लागली की सगळं वजन वाळूवर येतं. मग प्रत्येक लाटेबरोबर तळाखालची आणि टोकांजवळची वाळू उकरली जाते आणि जहाज त्या खड्ड्यात बसत जातं. बाहेरच्या अंगाला वाळूचा बांध साठतो. तळ आणि ओली वाळू यांची अशी पकड बसते की नुसत्या ओढण्याने जहाज हलत नाही. पत्रे फाटून आत पाणी आणि वाळू शिरली असेल, तर ते तरंगण्याचा प्रश्नच उरत नाही. आधी भोकं बुजवा, पाणी उपसा, इंधन काढा, वजन हलकं करा, आणि हे सगळं उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची, तारीख गाठून करा. ती तारीख चुकली की पंधरा दिवस थांबणं आलं.

आता मुंबई आणि गोवा यांची तुलना करा. 'विस्डम' तीन आठवड्यांत निघालं, 'पवित' दोन आठवड्यांत. मुंबईच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. पश्चिम किनाऱ्यावर जसजसं दक्षिणेला यावं तसतसा हा फरक कमी होतो आणि गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास येतो. जुहूचं पाणी जहाजाला जितकं उचलून देतं, तितकं कांदोळीचं पाणी देत नाही. दोन्हीकडच्या निकालातला निम्मा फरक मी या पाण्याला देतो.

उरलेला निम्मा माणसांचा. 'रिव्हर प्रिन्सेस' हे सुमारे 240 मीटर लांबीचं खनिजवाहू जहाज 6 जून 2000 च्या वादळी हवेत गोव्याच्या कांदोळी-सिंकेरीच्या किनाऱ्याला लागलं. मालक आणि सरकार यांच्यात हे कोणी काढायचं यावरून वाद सुरू झाला. गोवा सरकारला 2001 मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला आणि त्याच्या आधारे जहाज ताब्यात घ्यावं लागलं. मग निविदा निघाल्या, कंत्राटदार आले, मुदती संपल्या, कोर्टकज्जे झाले. तोवर दरवर्षी जहाज वाळूत आणखी खाली जात होतं आणि आत वाळू भरत होती. अखेर ते तुकड्या-तुकड्यांनी कापून काढलं, 2012 उजाडलं तेव्हा. बारा वर्षं! जे काम पहिल्या पंधरवड्यात टग आणि पंपांवर भागलं असतं, त्यासाठी शेवटी पाण्याखाली गॅस-कटर चालवावे लागले.

मग मालक येऊन घेऊन का जात नाही?

कारण बहुतेकदा ते त्याच्या हिताचं नसतं. जुन्या जहाजाची किंमत म्हणजे त्याच्या लोखंडाची किंमत. रुतलेलं जहाज काढायचा खर्च त्याहून जास्त झाला, की मालकाला पाठ फिरवणंच परवडतं.

आणि पाठ फिरवणं सोपं आहे. जहाजावर झेंडा एका देशाचा, कागदोपत्री मालक दुसऱ्या देशातली एकाच जहाजाची कंपनी, चालवणारी कंपनी तिसऱ्या देशात, खलाशी चौथ्या-पाचव्या देशातले. नोटीस पाठवायची तर पत्त्यावर एक कुलूपबंद खोली निघते. विमा असला तर विमा कंपनी बोलायला येते. विमा संपला असेल किंवा नावापुरता असेल, तर कोणीच येत नाही.

यासाठी आंतरराष्ट्रीय कायदा नाही का?

आहे. 2007 चा नैरोबी करार खास बुडालेली-रुतलेली जहाजं हटवण्यासाठी आहे. तो 2015 च्या एप्रिलमध्ये अमलात आला आणि भारत त्यात सामील आहे. 300 टनांहून मोठ्या जहाजांना हटवण्याच्या खर्चाचा विमा त्याने सक्तीचा केला आणि विमा कंपनीकडे थेट दावा लावण्याची सोय केली. पण हा करार मुळात किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पुढच्या पट्ट्यासाठी आहे. आतल्या पाण्याला तो लावायचा असेल तर त्या-त्या देशाने तसं वेगळं कळवावं लागतं. आपल्या गावाला त्रास देणारी जहाजं तर बंधाऱ्याला टेकलेली असतात! म्हणून खरी मदार देशातल्या कायद्यावर असते. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी संसदेने 2025 मध्ये नवा कायदा मंजूर केला, बंदरांचा 1908 चा कायदाही त्याच वर्षी बदलला. कागद नवे झाले आहेत. पहिल्या पंधरवड्यात कोणी, कोणाच्या पैशाने हात घालायचा हे जिल्हाधिकारी, बंदर विभाग आणि नौवहन खातं यांच्यात आधीच ठरलेलं असेल, तरच या कागदांचा गावाला उपयोग. आधी सरकारने पैसे घालून जहाज हलवावं आणि मग मालकाच्या, विमा कंपनीच्या मागे लागावं. उलट्या क्रमाने गेलं की बारा वर्षं जातात.

अशा जहाजांवरच्या खलाशांचं काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर तो सगळ्यांत आधी विचारायला हवा.

मालकाने जहाज सोडलं म्हणजे त्यावरची माणसंही सोडली. पगार थांबतो, मग डिझेल संपतं, जनरेटर बंद, शीतपेटीतलं अन्न खराब, पिण्याचं पाणी मोजून. उतरून घरी का येत नाहीत? कारण पासपोर्ट बहुधा दुसऱ्याच्या ताब्यात असतात, बंदराचे नियम जहाज पूर्ण रिकामं सोडू देत नाहीत, आणि उतरलो तर थकलेला पगार बुडेल ही भीती असते. 'इबा' हा टँकर 2021 च्या जानेवारीत संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर वाहून आला, तेव्हा त्यावरच्या पाच जणांचा पगार काही वर्षांपासून थकलेला होता. समोर किनाऱ्यावर लोक सुट्टी घालवायला आलेले, आणि ही माणसं रेलिंगला धरून उभी. त्यांच्यात भारतीयही होते.

सागरी कामगारांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराने आता मालकांना यासाठी आर्थिक हमी ठेवायला लावली आहे. दोन महिने पगार थकला, किंवा अन्नपाणी आणि घरी पाठवण्याची सोय झाली नाही, तर खलाशाला 'सोडून दिलेला' मानतात आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व परतीचा खर्च त्या हमीतून मिळू शकतो. भारताच्या 2017 च्या सागरी दाव्यांच्या कायद्यातही जहाज विकून आलेल्या पैशावर पहिला हक्क खलाशांच्या पगाराचा आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं जहाजावर आहेत. एजंटाने दिलेलं करारपत्र हातात पडलं की पगाराच्या आकड्याच्या आधी ही हमी, जहाजाचा विमा आणि एजंटाचा सरकारी परवाना क्रमांक बघा. परवाना नसलेल्या एजंटाने मिळवून दिलेल्या नोकरीत अशा वेळी दाद मागायला जागा राहत नाही.

रुतलेल्या जहाजावर चढून बघता येईल का? फोटोसाठी मुलं चढतात.

नाही. मुलांना चढू देऊ नका.

लांबून पोलाद अखंड दिसतं. 'बसरा स्टार'सारखं जहाज ओहोटीला जवळून बघितलं तर खरं काय ते कळतं. पाण्याच्या रेषेखाली कालवं आणि बार्नेकलांचा खरबरीत थर, पायाचं कातडं सोलणारा. त्याच्या वर जिथे दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं, तिथला पत्रा खूप खाल्लेला. रंगाचे पापुद्रे सुटून लोंबतात आणि गंज पानापानांनी निघतो. बोटाने दाबलं की पान तुटून पडतं, मागे पुन्हा गंजच. अशा डेकवर उभा राहिलेला माणूस खालच्या मजल्यावर कधी जाईल याचा नेम नसतो.

गंजामध्ये दुसरा धोका आहे आणि तो दिसत नाही. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू शोषून घेतं. जहाजाच्या बंद टाक्या आणि खणांत वर्षभर गंज चढत राहिला की आतल्या हवेत प्राणवायू नावापुरता उरतो. तिला वास नाही, रंग नाही. झाकण उघडून शिडीने खाली उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. जहाजांवर आणि तोडणीच्या यार्डात माणसं अशीच जोडीने मरतात. भंगारासाठी रात्री गॅस-कटर घेऊन चढणाऱ्यांना वर तेलाच्या वाफेचा आणि आगीचा धोका असतो.

किनाऱ्यावर वाहून आलेला माल सापडला, तर तो सापडणाऱ्याचा का?

नाही. फुटलेल्या जहाजाचा माल, लाकूड, दोर, कंटेनर या सगळ्याला कायद्याने मालक असतो, तो समोर नसला तरी. यासाठी केंद्र सरकार अधिकारी नेमतं आणि सापडलेली वस्तू त्याच्याकडे द्यावी लागते. मूळ मालकाला दावा सांगायला 1958 च्या कायद्यात एक वर्ष दिलं होतं. सापडून दिल्याबद्दल मोबदला मिळू शकतो. चोरून ठेवली तर दंड.

पण कायद्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कंटेनरला हात लावूच नका. 2025 च्या मेमध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा 3' उलटून बुडालं, त्यावर 640 कंटेनर होते आणि त्यांतल्या काहींत कॅल्शियम कार्बाइड होतं. कार्बाइडला पाणी लागलं की अॅसिटिलीन वायू सुटतो, वेल्डिंगवाला वापरतो तोच. ओला कंटेनर कुतूहलाने उघडला आणि जवळ कोणी विडी पेटवली, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. त्याच जहाजातून प्लास्टिकचे मसुराएवढे पांढरे दाणे लाखांनी किनाऱ्यावर आले आणि ते वेचायला माणसं वाळू चाळत बसली होती.

तेलाचं काय? रुतलेलं जहाज गळतं का?

माल नसला तरी प्रत्येक जहाजाच्या पोटात स्वतःचं इंधन असतं, आणि ते जाड, काळं, डांबरासारखं असतं. म्हणून कुठलंही जहाज लागलं की आधी त्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या. जहाज जुनं होऊन पत्रा फाटेपर्यंत थांबलं तर ते तेल कांदळवनातच जातं.

मुंबईने हे लागोपाठ दोन ऑगस्टमध्ये बघितलं. 7 ऑगस्ट 2010 ला बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. कंटेनर तरंगत असल्यामुळे मुंबई आणि जेएनपीटी (न्हावा-शेवा) या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेल उरण-अलिबागपर्यंत गेलं, मासे घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही आणि ऐन नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोळीवाड्यांचा हंगाम सुरू होण्याआधीच बसला. 'चित्रा'चा सांगाडा पुढच्या वर्षी खोल समुद्रात नेऊन बुडवला.

वर्ष व्हायच्या आत, 4 ऑगस्ट 2011 ला, 'रॅक कॅरियर' हे 60,000 टनांहून अधिक कोळसा घेऊन दहेजला निघालेलं जहाज मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर बुडालं. सगळे 30 खलाशी वाचले. तेलाचा तवंग मुंबई-रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आला. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाच्या कतारस्थित मालकांना 100 कोटी आणि कोळशाच्या मालकाला 5 कोटी रुपये भरायला सांगितलं. कोळसा मात्र जहाजासकट तळाशीच आहे.

एक खुलासा. उन्हाळ्याच्या शेवटी गोव्या-कोकणातल्या वाळूत पायाला चिकटणारे डांबराचे गोळे दिसले की लोक जवळच्या रुतलेल्या जहाजाकडे बोट दाखवतात. ते गोळे बहुतेक वेळा दूर समुद्रातल्या टँकरांनी टाक्या धुऊन सोडलेल्या तेलाचे आणि तेलक्षेत्रांतल्या गळतीचे असतात.

किनारा खचतो का?

जहाज म्हणजे वाळूच्या वाटेत आडवी घातलेली भिंत. लाटा तिच्या आडोशाला वाळू टाकतात आणि बाजूची खातात. 'रिव्हर प्रिन्सेस'च्या वर्षांत कांदोळी-सिंकेरीची पुळण बारीक होत गेली आणि त्याला जहाज किती कारण यावर शास्त्रज्ञांचा अभ्यास आणि कोर्टातला वाद दोन्ही झाले. मिऱ्याला तर प्रश्न वाळूचाही नव्हता. तिथे धूपप्रतिबंधक बंधाऱ्यामागे घरं आणि रस्ता आहे आणि दर उधाणाला जहाज त्या बंधाऱ्याच्या दगडांवर आपटत होतं. गावकरी तक्रारी करत राहिले ते याच कारणाने.

मासेमारीला त्रास की फायदा?

दोन्ही. बुडालेल्या सांगाड्यावर दोन-तीन वर्षांत शेवाळ, कालवं, मऊ प्रवाळ धरतं आणि त्यामागे मासे येतात. तांबोशी, गोबरा असे खडकाळ जागेचे मासे गळाला लागतात, म्हणून गरी टाकणारे अशा जागा मनात जपून ठेवतात. उलट ट्रॉलरच्या जाळ्याची तिथे वाट लागते. जाळं अडकलं की दोर कापण्यावाचून इलाज नसतो, लाखाचं नुकसान होतं आणि तुटलेलं जाळं तिथे वर्षानुवर्षं मासे मारत राहतं. पूर्वी तांडेल (नावेचे प्रमुख) डोंगर, देऊळ आणि दीपगृह एका रेषेत धरून ती जागा टाळायचे, आता जीपीएसवर खूण असते. तुमच्या जीपीएसमधली अशी खूण मच्छीमार सोसायटीतल्या इतरांना द्या, विशेषतः नव्याने नाव घेतलेल्या पोरांना.

नव्याने बुडालेल्या जहाजावर निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा बोया लावतात, रात्री त्याचा दिवा निळा-पिवळा आळीपाळीने लागतो. कायमच्या धोक्याला काळा-लाल बोया आणि वर दोन काळे गोळे. या दोन खुणा घरातल्या प्रत्येक खलाशाला माहीत असाव्यात.

आपल्याकडे जुनी, इतिहासातली जहाजं बुडालेली आहेत का?

भरपूर, आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष फार कमी आहे.

गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी मुरगावच्या तोंडाशी असलेल्या सुंची रीफवर (पाण्याखालच्या खडकावर) सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. जहाजाचं लाकूड केव्हाच गेलेलं. उरलं होतं ते तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मोठे रांजण, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. आफ्रिकेचे दात आणि चीनची भांडी एकाच कपारीत! गोव्याचा व्यापार कुठून कुठवर पसरला होता ते या एका कपारीत हाताला लागतं. जवळच्याच सेंट जॉर्ज रीफवर एकोणिसाव्या शतकातल्या जहाजाबरोबर मंगळुरी कौलांच्या कारखान्याचा भाजक्या मातीचा माल सापडला.

विजयदुर्गच्या पाण्यात 1756 च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या तोफांनी एका गलबताला आग लागली आणि खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेली सगळी गलबतं पेटली. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, हे मराठी माणसाला आजही सलतं, मलाही सलतं. मुरगाव बंदरात 1943 च्या मार्चमध्ये 'एरेनफेल्स' आणि आणखी दोन जर्मन व एक इटालियन जहाज त्यांच्याच खलाशांनी बुडवलं, कारण तटस्थ पोर्तुगीज गोव्यात कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांच्या तुकडीने त्यांच्यावर गुपचूप छापा घातला होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, 14 एप्रिल 1944 ला, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा, कापूस आणि सोनं एकत्र भरलेलं 'फोर्ट स्टिकीन' फुटलं. त्या गोदीचा गाळ काढताना पुढे कित्येक वर्षांनीही सोन्याच्या लगडी सापडत होत्या.

शंभर वर्षांहून जुने असे अवशेष जपण्यासाठी युनेस्कोचा 2001 चा करार आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. तोवर एखाद्या पाणबुड्याने तोफ वर काढून हॉटेलच्या दारात ठेवली, तर तिच्याबरोबरचा सगळा पुरावा गेला.

'रामदास' बोटीचा उल्लेख यात का नाही?

कारण ती सोडून दिलेली नव्हती, भरलेली होती. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सकाळी आठच्या सुमारास निघालेली ही बोट अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ लाटेने कलंडली. घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यांत रायगडच्या गावागावांतली होती. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहून वाचलेल्यांनी सांगेपर्यंत, म्हणजे दुपार उलटेपर्यंत, मुंबईला काही कळलंच नाही. रेवस-अलिबागकडच्या घरांतून हे आजही नावानिशी सांगतात. तिला बघ्यांच्या यादीत घालू नये असं मला वाटतं.

मग सरकार मुद्दाम जहाज का बुडवतंय? निवतीला तसं ऐकलं.

ते प्रकरण वेगळं. 'आयएनएस गुलदार' ही नौदलाची सुमारे 84 मीटर लांबीची, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका 12 जानेवारी 2024 ला निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ती तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची आहे, केंद्राने त्यासाठी सुमारे 47 कोटी रुपये मंजूर केले. अशा जहाजातून आधी तेल, वायरी, जुना रंग, अॅस्बेस्टॉस सगळं काढावं लागतं, धारदार कडा आणि अडकण्याच्या जागा कापाव्या लागतात. ते नीट केलं तर मालवणच्या स्कूबावाल्या पोरांना वर्षानुवर्षं काम मिळेल आणि मूळ प्रवाळावरची गर्दी कमी होईल. किनाऱ्याला लागलेलं बेवारस जहाज 'राहू द्या, त्याचीही प्रवाळभित्ती होईल' असं म्हणणाऱ्यांनी मात्र या तयारीचा खर्च विचारात घ्यावा. लाटांच्या पट्ट्यात सतत आपटणाऱ्या पत्र्यावर प्रवाळ धरत नाही.

काढलेल्या जहाजाचं पुढे काय होतं?

कापून भंगार. मोठी जहाजं गुजरातेत अलंगला जातात. तिथे 1983 पासून हा धंदा आहे, कारण भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. उधाणाला जहाज पूर्ण वेगाने वाळूत घालायचं आणि ओहोटीला कोरड्यावर तोडायचं. मुंबईत दारूखाना नावाच्या भागात हेच छोट्या प्रमाणात होतं, पहिली विमानवाहू 'विक्रांत' 2014 मध्ये तिथेच तोडायला घेतली. कामगारांच्या सुरक्षेचा हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला आहे.

खाडीत कुजत पडलेल्या लाकडी होड्यांचं काय?

हा आपल्या घरचाच प्रश्न आहे. फायबरच्या होड्या आल्या, नाव म्हातारी झाली, मालक वारला, मुलगा मुंबईला. होडी जेटीच्या कडेला चिखलात सोडली जाते. चांगलं सागवान असेल तर लोक फळ्या काढून नेतात, उरतो तो पठाण (तळाचा कणा) आणि फासळ्या. आतला डिझेलचा टँक आणि बॅटरी मात्र काढून घ्याच. चिखलातून निघणारी कालवं आणि तिसऱ्या आपल्याच ताटात येतात. धरमतर किंवा जयगडच्या खाडीत एखादं जुनं गलबत अजून आकार राखून असेल, तर जाळायच्या आधी त्याचे फोटो काढा, मापं घ्या, बांधणाऱ्या सुताराचं नाव लिहून ठेवा. नकाशा काढून गलबत बांधण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. सगळं मिस्त्रीच्या डोक्यात असायचं, त्यामुळे मागे राहिलेला सांगाडा हाच त्याचा आराखडा.

भरकटत येणारं जहाज किंवा नौका दिसली तर कोणाला सांगायचं?

तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी आहे, सागरी पोलिसांचा 1093. दोन्ही फुकट आहेत. दिशा, किनाऱ्यापासूनचा अंदाज, जहाजाच्या नाळेवरचं (पुढच्या टोकावरचं) नाव, वर माणसं दिसतात का, तेलाचा वास येतो का, एवढं सांगा. होडीतून बघितलं असेल तर जीपीएसचे आकडे द्या आणि बंद जहाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूला होडी नेऊ नका, ते अंगावर येतं. किनाऱ्याला लागलं असेल तर तलाठी, बंदर निरीक्षक आणि जिल्हाधिकारी कार्यालयातली आपत्ती शाखा या तिघांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढे नुकसानभरपाईची वेळ आली की कोणत्या तारखेला गावाने कळवलं होतं हे त्या पोचेवरूनच ठरतं.